समुद्राला जिल्हा नसतो

मे २०१६ मधल्या एका सोमवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, उदगीरच्या शिवकांताबाई चिल्लरगे सिंगापूरच्या धक्क्यावरून अकरा मजली जहाजात शिरल्या. पुढे त्यांचे यजमान विरूपाक्षअप्पा, अनवाणी. मागे शिवकांताबाई, दोघांच्या पिशव्या घेऊन.

अप्पांच्या पायांची हकिकत उदगिरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. १९८२ साली लातूर जिल्हा झाला आणि उदगीर त्याचा एक तालुका झालं, हे अप्पांना धाकट्यानं थोरल्याच्या आधी लग्न उरकावं तसं लागलं होतं. तो राग त्यांनी एकोणीस वर्षं पोसला आणि २००१ सालच्या ऑगस्टात तहसील कचेरीसमोर चपला काढून जाहीर केलं, की उदगीर जिल्हा होईपर्यंत पायात काही घालणार नाही. जिल्हा काही झाला नाही, पण अप्पा पुढारी झाले. सत्कार, मोर्चे, निवेदनं, आणि पेपरात फोटो. पाय दिसलेच पाहिजेत म्हणून फोटो नेहमी उभा घ्यायचे, आणि उभ्या फोटोत शेजारचं माणूस मावत नाही. पंधरा वर्षांत शिवकांताबाईंचा फार तर एक खांदा छापून आला होता.

तो खांदा दुकान चालवत होता. काळ्या प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या. पुढाऱ्याच्या नावावर धंदा बरा दिसत नाही, म्हणून दुकान ‘शिवकांता एजन्सीज’. गल्ल्यावर त्याच बसायच्या. घरात माणसं किती एवढं विचारलं, की टाकी किती लिटरची लागेल ते त्या बघता बघता सांगायच्या. आदल्या साली पाऊस पडलाच नाही. नळ पंधरा दिवसांनी एकदा, तोही तासभर. मग आलेलं पाणी साठवायला ज्याला त्याला टाकी हवी. लोकांचं तोंड कोरडं पडलं आणि शिवकांता एजन्सीज मराठवाड्यात पहिली आली. टाकीच्या कंपनीनं बक्षीस म्हणून जोडप्याला ही जहाजाची सहल दिली होती. पहिल्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता मोठ्या जेवणघरात नाव पुकारून काचेचं मानचिन्ह मिळणार होतं.

आपलं नाव माइकवर शिवकांताबाईंनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी घडी न मोडलेली इरकल साडी सोबत घेतली होती. पण हैदराबादच्या विमानतळावरच अप्पांनी वाटणी करून टाकली. मानचिन्ह ते घेणार, दोन शब्दही तेच बोलणार, शिवकांताबाईंनी खालून टाळ्या वाजवायच्या.  त्यांनी इरकलची घडी मात्र पिशवीत सगळ्यांत वर ठेवली.

पहिल्या नंबरच्या विक्रेत्याला टबाची खोली होती. सामान टाकून तीन वाजता अप्पा वरच्या डेकवर गेले, पाय दाखवायला. उन्हानं फरशी तव्यासारखी तापली होती आणि अप्पांच्या टाचांना तिची खबरही नव्हती. अशा पायांकडे कोणीतरी बघेल, काहीतरी विचारेल, मग व्रताची गोष्ट सांगता येईल. पण तिथं पोहण्याचा तलाव होता, आणि तलावाकाठी दोन-तीनशे माणसं पडली होती, झाडून सगळी अनवाणी. अप्पा दोन फेऱ्या मारून आले. शेवटी एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबासमोर बसून त्यांनी उजवा पाय चांगला लांब केला. साहेब प्रसन्न हसला आणि त्यानंही आपला पाय लांब केला.

अप्पा पाय आवरून खाली खोलीत आले.

पाच वाजता कंपनीचा सहलीचा माणूस सांगत आला, की जेवणघरात पुरुषांना बंद बूट लागतात, चपलाही चालत नाहीत, अनवाणी तर दारातच अडवतील. सोबत नायगावचे पंढरी होते, त्याच कंपनीच्या टाक्या विकणारे आणि हातात कायम मोबाइल. अप्पांनी घटकाभर छताकडे बघून विचार केला.

“पंढरी, हा समुद्र कोणत्या जिल्ह्यात येतो?”

“कोणत्याच न्हाई, अप्पा.”

“मंग झालं. जिथं जिल्हाच न्हाई, तिथं व्रत कशाचं?”

पंधरा वर्षांचं व्रत असं दीड मिनिटात किनाऱ्यावर राहिलं. एकच अडचण होती, बुटातला फोटो उदगीरला पोचू नये. अप्पांनी पंढरींना निक्षून सांगितलं, की फोटो हवे तेवढे काढा, पण आज पाय येऊ देऊ नका. पंढरींनी तोंडावर रुमाल धरून, मान हलवून ‘हाव’ म्हटलं.

मग बूट आले. पंढरींचे नऊ नंबरचे आले, ते अंगठ्यापाशीच थांबले. सहलीच्या माणसाचे दहाचे आले. जहाजावरच्या दुकानात सगळ्यांत मोठा बाराचा होता, तोही आला. अप्पांची बोटं पंधरा वर्षांत आल्याच्या गड्ड्यासारखी चहूकडे फुटली होती. टाचेच्या भेगांत सुपारी बसली असती. अप्पा विसरले तरी पाय व्रत विसरायला तयार नव्हते. पंढरींनी मागून रेटलं, सहलीच्या माणसानं पुढून ओढलं, आणि अप्पा पलंगावर आडवे झाले.

“भिजवले की नरम पडतील,” अप्पा म्हणाले. पाहुण्यांना बाहेर काढून त्यांनी टबाचा गरम नळ पुरा सोडला आणि काठावर बसून पाय आत सोडले.

शिवकांताबाई मोरीच्या दारात उभ्या राहिल्या. नजरेनंच त्यांनी माप घेतलं. दोनशे लिटर, बारा-तेरा घागरी. गावाकडं शेजारच्या मल्लम्माला टँकरच्या पाळीला चार घागरी मिळायच्या, त्याही भांडून. पाणी निवलं तसं अप्पांनी ते सोडून दिलं आणि नळ पुन्हा फिरवला. शिवकांताबाईंनी बेसिनमधून फुलपात्रभर पाणी घेतलं, खोलीत बसून लिंगपूजा केली आणि उरलेल्या घोटाचं तीर्थ घेतलं.

साडेसहा झाले. बाराचा बूट अजूनही चवड्याच्या पुढे सरकत नव्हता. अप्पांनी तो भिंतीवर मारला आणि दोघांचाही निर्णय केला.

“न्हाई जायचं. पोट बिघडलंय म्हणून सांग.”

“कुणाचं?”

“माझं म्हण.”

शिवकांताबाईंनी इरकलची घडी उलगडली. “मंग मी जाते. माझं पोट बरं हाय.”

अप्पांनी त्यांना नीट समजावलं. नवरा खोलीत उपाशी आणि बायको स्टेजवर, हे शोभत नाही. लोक काय म्हणतील?

“इथं लोक कुठले, अवो? समुद्राला तर जिल्हाबी न्हाई.”

पावणेसातला त्या गेल्या. सात वाजून बारा मिनिटांनी माइकवर त्यांचं नाव आलं, तेही चुकीच्या उच्चारात, पण आलं. मानचिन्ह म्हणजे वीतभर उंचीची काचेची टाकी होती, झाकणासकट. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी मोजून दोन वाक्यं सांगितली.

“टाक्या चांगल्या हायेत. नळाला रोज पाणी आलं असतं तर एवढ्या कुणी घेतल्या नसत्या.”

मराठवाड्याच्या टेबलावर कोणी हललं नाही. कंपनीच्या मोठ्या साहेबाला मराठी येत नव्हतं, तो मनापासून टाळ्या वाजवत राहिला. शिवकांताबाईंनी मग सावकाश जेवण केलं आणि आइस्क्रीम दोनदा घेतलं.

त्या खोलीत परतल्या तेव्हा अप्पा तिसऱ्या पाण्यात होते. पाय भिजून धोब्याच्या हातासारखे पांढरेफटक पडले होते, पण चेहरा फुलला होता. त्यांना सुचलं होतं. परदेशात बुटाची सक्ती झाली, अप्पांनी मेजवानीवर बहिष्कार टाकला, व्रत मोडलं नाही. पेपरवाले पहिल्या पानावर घेतील. फक्त पुरावा हवा.

“माझं काय सांगितलंस तिथं?”

“पाय धूत बसलेत म्हणलं.”

अप्पांनी ते कानाआड केलं. टॉवेल गुंडाळून ते खुर्चीवर बसले, काचेची टाकी छातीशी धरली, दोन्ही पाय पुढे मांडले आणि मोबाइल बायकोच्या हातात दिला.

शिवकांताबाईंनी मोबाइल आडवा धरला. एक पाऊल पुढे सरकल्या, मग आणखी एक. टाकी सुरेख आली, झाकणासकट. तिच्यावर कोरलेलं दुकानाचं नाव वाचता येत होतं. अप्पांची हनुवटीही आली होती.

अप्पांनी फोटो बघितला. “अन् पाय?”

“न्हाई मावले,” शिवकांताबाई म्हणाल्या, आणि टाकी त्यांच्या हातातून काढून आपल्या पिशवीत ठेवली.