टाकळ्यावरची फवारणी

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीशेजारी सोसायटीचाच मोकळा प्लॉट आहे. तिथे गाजरगवत कमरेइतकं वाढलं आणि शिंकून शिंकून माझं नाक लालभडक झालं. रासायनिक तणनाशक नको, हा माझा बाणा; म्हणून निलगिरीचा पाला बायकोच्या कुकरमध्ये उकळून तो अर्क फवारला. गवताला सर्दी झाली नाही, एवढाच काय तो गुण. बायको म्हणाली, "आता वरणालाही बामाचा वास येतोय. तेही छातीला चोळा."

चिडून मी चेअरमनकडे अर्ज दिला: प्लॉट ताबडतोब साफ करावा. वर्षभर कुणी तो वाचलाही नाही.

पलीकडच्या बांधकामावर पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची एक बाई कामाला होती. ती म्हणाली, "टाकळा पेरा बाबा. तो माजला का गाजरगवताला जागाच नाय." बीही तिनेच आणून दिलं. यंदा पावसाळ्यात टाकळा दाट उठला आणि गाजरगवत खरंच हटलं. टाकळ्यातलं द्रव्य मातीत उतरून गाजरगवताचं बी रुजू देत नाही, हे व्याख्यान मी सोसायटीभर झोडलं. बाईचा उल्लेख तेवढा राहून गेला. ती रोज कोवळी पानं भाजीला खुडून न्यायची.

एका सकाळी ती खुडत असताना चेअरमन गेटपाशी भेटले. "काका, काम झालं हं तुमचं. काल दुपारी तणनाशक मारून घेतलं."

"कुणाला विचारून?"

"तुमचाच अर्ज की!"

मी बनियनवरच धावलो. "ताई, टाका ती भाजी! विष मारलंय."

"हिरवीगार तर हाय." खरंच होती. असल्या तणनाशकाचा परिणाम पानांवर दिसायला चार दिवस लागतात. "काल सांजचीबी नेली. पोरींनी खाल्ली."

प्लॉटवर 'वाहने लावू नयेत' अशा तीन पाट्या; विष मारलंय हे सांगायला एक नाही! मी चेअरमनवर ओरडलो, तर ते म्हणाले, "अहो, असला पाला कोण खातं?"

कचऱ्यातून रिकामी बाटली मीच हुडकली आणि बाई, तिच्या दोन्ही पोरी आणि बाटली रिक्षात घालून दवाखाना गाठला. पोरींना काही झालं नाही. यात चेअरमनचं कर्तृत्व शून्य, माझं त्याहून कमी.

परतताना बाईने विचारलं, "मारायचंच व्हतं, तर बी कशाला घेतलं?"

जुना अर्ज मागे घ्यायचा विसरलो, असं मी कबूल केलं.

"आमच्या अर्जावर तर कोण येतच नाय," ती म्हणाली.