अण्णा एसटीतून उतरतात तेव्हा

आमच्या नात्यागोत्यात पडद्यावर झळकलेला एकच माणूस आहे, माझे सासरे. ते एसटीतून उतरतात.

अण्णा मूळचे चिखलीचे शेतकरी. मी लातूरहून आलेला, चाकणच्या कारखान्यात गिअर तपासणारा. लग्नाला सहा वर्षं झाली तरी ते माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर बसलेलो असताना "पाव्हणं चहा घेत्यात का?" असं मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, सुनीताला विचारत. मग गावात एका चित्रपटाचं शूटिंग झालं, अण्णांना एसटीतून उतरायचं काम मिळालं, चित्रपटाला परदेशात बक्षीसही मिळालं आणि आकुर्डीच्या थिएटरात चारच्या खेळाला अख्खी भावकी निघाली. पाव्हण्यांनीही यावं, असा निरोप अण्णांनी मुलीकडून धाडला. सहा वर्षांतलं पहिलं आमंत्रण!

"अण्णांचा सीन चुकला तर माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही," सुनीताने बजावलं. तो सीन कधी येतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

फर्स्ट शिफ्ट करून, डब्याच्या पिशवीसकट, मी परस्पर थिएटर गाठलं. (पहाटे साडेचारला उठलो होतो, हे सहानुभूतीसाठी सांगून ठेवतो.) रांगेच्या पार त्या टोकाला अण्णा नवी टोपी घालून बसले होते. मीही मोठ्या अपेक्षेने बसलो. पडद्यावर एक म्हातारी शेंगा सोलत होती. तिने सगळ्या सोलल्या. मग टरफलांकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याने टरफलांकडे पाहिलं. कुणी बोलेना, गाणं लागेना. माझा साफ हिरमोड झाला. चुलतसासरे "आता व्हईल सुरू" असं दोनदा म्हणाले आणि पुढच्या रांगेतल्या दाढीवाल्याने त्यांना दोनदा गप्प केलं. म्हातारीने शेंगांचं दुसरं सूप पुढ्यात ओढलं.

इथे कंपनीच्या बसबद्दल सांगायला हवं. चाकणहून बस सुटली की आम्ही सीटला पाठ टेकताच झोपतो आणि आपल्या थांब्यावर ब्रेक लागला की आपोआप उठून उतरतो. माझा थांबा आजवर एकदाही चुकलेला नाही. थिएटरात अंधार होता, गारवा होता, खुर्ची मागे कलत होती. दुसरं सूप निम्मं झाल्याचं मला आठवतं.

करकचून ब्रेक लागला. मी ताडकन उठलो, पिशवी खांद्याला अडकवली आणि निघालो. सुनीताने पिशवीचा बंद धरला.

"अहो, कुठं?"

"संत तुकाराम नगर आलं," मी पुटपुटलो.

समोर पडद्यावर एसटी थांबली होती आणि अण्णा उतरत होते. सुनीता बंद सोडेना, म्हणून मी तसाच उभा. जावई उठले म्हणून चुलतसासरे उठले. मग आत्या उठल्या, मेहुणे उठले. बक्षिसाच्या चित्रपटात असंच करत असावेत, या समजुतीने भावकीच्या दोन्ही रांगा उभ्या राहिल्या. शेवटी दाढीवालाही उठला. अण्णा रस्ता ओलांडून दिसेनासे होईपर्यंत कुणी बसलं नाही.

बाहेर आल्यावर अण्णा सरळ माझ्याकडे आले. त्यांचे डोळे ओले होते.

"पाव्हणं, माजी सख्खी पोरं बसून व्हती," ते म्हणाले. "तुमी पयले उठला."

मला भरून आलं आणि तितकीच लाजही वाटली. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर सुनीताने पुन्हा बंद ओढला.

आता अण्णा माझ्याशी थेट बोलतात. आल्यागेल्याला तो किस्सा सांगून माझ्या पाठीवर थाप मारतात. सुनीता तेवढं ऐकून घेते आणि मला चहाचा कप देताना हळूच म्हणते, "सहा वर्षांत तुम्ही एकच गोष्ट वेळेवर केलीत, आणि तीही झोपेत."