अपमानाची तालीम

काळजी करायला सरकारी परवाना लागत असता, तर ठाणे जिल्ह्यातला पहिला परवाना माझ्या सीनियरना मिळाला असता, आणि मिळाल्या दिवसापासून त्याची मुदत कधी संपते या विचाराने त्यांची झोप उडाली असती. शहापूर आणि मुरबाड अशा दोन्ही कोर्टांत त्यांनी उभी हयात वकिली केली. पण त्यांचा मुख्य धंदा काळजीचा, वकिली आपली जोडीला. सकाळची एसटी चुकेल म्हणून ते तिच्या आधीची पकडत, आणि तीही चुकेल म्हणून सापगावच्या घरातून उजाडायच्या आत बाहेर पडत. त्यामुळे कोर्टाचं कुलूप काढायला येणाऱ्या शिपायाला ते रोज पायरीवर बसलेले सापडायचे. गळ्यातले पांढरे बँड ऐनवेळी हरवतील म्हणून कोटाच्या प्रत्येक खिशात त्यांची एकेक जादा जोडी असे. एकदा समोरच्या पार्टीचा वकील बँड घरी विसरून आला, तर यांनी धावत जाऊन त्याला आपली जोडी दिली, वर ती नीट बांधूनही दिली, आणि मग त्याच वकिलाने आमचा अर्ज तासाभरात नामंजूर करून घेतला. अशील माझ्याकडे बघायला लागला, मी सरांकडे बघायला लागले. सर म्हणाले, "बिचाऱ्याला घाम फुटला होता गो."

जिंकल्यावर तर ते जास्तच खचायचे. किन्हवलीकडच्या एका शेतकऱ्याचा बांधाचा दावा आमच्या बाजूने लागला, तो गडी आनंदाने पेढ्यांचा पुडा घेऊन सरांच्या घरातल्या ऑफिसात आला. सरांनी पेढा हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबले. "आता ते अपिलात जानार रे," म्हणाले आणि पेढा परत पुड्यात ठेवला. त्या शेतकऱ्याचंही तोंड उतरलं. आत चहा टाकणाऱ्या त्यांच्या बायको, ज्यांना आम्ही सगळे काकी म्हणायचो, तिथूनच ओरडल्या, "ह्यांना स्वर्गात नेला ना, तरी विचारतील, इथनं काढनार कधी!"

अशा माणसाकडे मी ज्युनियर म्हणून कशी गेले, तर दुसरं कोणी घेतलं नाही म्हणून. मी टोकावड्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतली, ठाकर आदिवाशांची मुलगी. कल्याणला राहून कायदा शिकले, सनद घेतली आणि मुरबाडात सीनियर शोधायला निघाले. एकाने सांगितलं, टेबलाला जागा नाही. दुसऱ्याने सांगितलं, लग्न ठरलं की सोडून जाल, मग माझी मेहनत वाया. तिसऱ्याने आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग वाडी विचारली आणि मग एकदम त्याला कुठला तरी फोन करायचा आठवला. शहापूरला सरांकडे गेले तेव्हा मी चौथ्या नकाराची तयारी करूनच गेले होते. सरांनी काय विचारावं? जेवलीस का. परतीची गाडी किती वाजता. उतरल्यावर वाडीपर्यंत चालायचं किती, आणि वाटेत कुत्री आहेत का. कुत्री आहेत म्हटल्यावर त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "मी काय चांगला सीनियर नाय बाय. मना कोर्टाची भीती वाटते अजून."

"मलापण वाटते," मी म्हटलं.

"मग जमंल," सर म्हणाले, आणि मला कुत्र्यांपासून लांब ठेवण्यासाठी काकींच्या ओळखीने शहापुरातच एक खोली बघून दिली.

ज्युनियरने सीनियरची बॅग उचलायची, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. सरांना ती बघवत नसे. पोरीच्या पाठीला काही झालं तर, अशी त्यांना काळजी. म्हणून ते आपली बॅग आपण घेत, आणि माझ्या हातात फायली दिसल्या की त्याही काढून घेत. मी पुढे मोकळ्या हातांनी, सर मागून हमालासारखे लादलेले, अशी आमची वरात कोर्टात शिरायची. म्हसा गावाकडून आलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एकदा सरांनाच अडवून विचारलं, "कारकून, मॅडम कवा भेटतील?" सर म्हणाले, "बसा, इचारून येतो," आणि खरोखर माझ्याकडे विचारायला आले.

पण सरांची सगळ्यात विलक्षण गोष्ट होती ती अपमानाची तालीम. इतर सीनियर ज्युनियरला दावा लिहायला शिकवतात, उलटतपासणी शिकवतात. सर तेही शिकवत. पण मी पहिल्यांदा उभी राहिले की समोरचा काय बोलेल, या धास्तीने त्यांना घेरलं होतं. कायद्याचं बोलला तर पोरगी उत्तर देईल. जातीचं, वाडीचं, बाईपणाचं बोलला तर? ती गांगरेल, रडेल, वकिली सोडून घरी जाईल. म्हणून त्यांनी ठरवलं की ते सगळं आधी आपणच बोलायचं. माझ्या कानांना सवय होईपर्यंत बोलायचं. नियम ठरलेले. मी चिडायचं नाही. एक श्वास घ्यायचा. बोलणाऱ्याकडे न बघता जज्जसाहेबांकडे बघायचं आणि आपलं पुढचं वाक्य बोलायचं.

अडचण एवढीच, की सरांना वाईट बोलताच येत नसे. "आता मी घाण बोलनार हां," असं आधी बजावायचे. मग डोळे मिटून एका दमात म्हणायचे, "मॅडम, हे कोर्ट हाय, रानातला बाजार नाय!" आणि डोळे उघडायच्या आत दोन्ही हात जोडून, "माफ कर बाय." मग आणखी एक. "सवलतीच्या मार्कांवर सनद मिळते, कायदा नाय मिळत! माफ कर बाय." प्रत्येक अपमानाला एक माफी, असा हिशेब चोख. तीनचार अपमान झाले की त्यांचाच चेहरा एवढासा होई, आणि मलाच त्यांना पाणी द्यावं लागे. मला हसू यायचं. पहिले काही दिवस रात्री खोलीवर गेल्यावर रडूही आलं, कारण ती वाक्यं सरांची नसली तरी कोणाची तरी होती, आणि ती मी शाळेपासून ऐकत आले होते.

ही तालीम बऱ्याचदा शहापूर-मुरबाड एसटीत चाले, कारण कोर्ट जवळ येईल तशी सरांची काळजी वाढत जाई. एकदा गाडी सरळगावच्या अलीकडे असताना सरांनी डोळे मिटून सणसणीत आवाजात सुरुवात केली, आणि पुढच्या सीटवरची भेंडीची पाटी घेतलेली म्हातारी गर्रकन वळली. "पिकल्या केसांचा झालास, नि पोरीला असा बोलतोस रे? लाज नाय वाटत?" मागचे दोघे उठले. कंडक्टरने बेल मारून गाडी थांबवली आणि सरांना खाली उतरायला सांगितलं. सर निमूटपणे बॅगा गोळा करायला लागले; त्यांना ते पटलंच होतं. मी उभी राहिले आणि सगळ्या गाडीला समजावून सांगितलं, की हे माझे गुरू आहेत, बोलतात ते माझ्याच भल्यासाठी, आणि यांना उतरवलं तर आजची तारीख जाईल. माझ्या आयुष्यातलं पहिलं यशस्वी आर्ग्युमेंट ते. म्हातारीला मात्र ते अर्धवटच पटलं असावं, कारण मुरबाड येईपर्यंत तिने मान वळवून सरांवर नजर ठेवली होती.

आणि मग ते प्रकरण आलं. आमच्याच वाडीतली एक विधवा बाई, नात्याने माझी आत्या. तिच्या घराशेजारची जमीन शहरातल्या एकाने विकत घेतली होती, आणि आत्याचं घर आपल्या हद्दीत येतं असं त्याचं म्हणणं. दाव्याचा निकाल लागायला वर्षं गेली असती. पण घर पाडायला जेसीबी आणून रस्त्याकडेला उभा केलेला होता. आम्ही तातडीने मनाईचा अर्ज केला. त्या दिवशी हुकूम मिळाला नाही, तर दुसऱ्या सकाळी घर जाणार, हे लहान पोरालाही कळत होतं. सर म्हणाले, तू बोलायचं. मी नको म्हटलं. हे माझं पहिलं मोठं काम, आणि हरले तर वाडीत तोंड कोणाला दाखवू? "मी बोललो तर कागदावरचा बोलीन," सर म्हणाले. "तू त्या घरात जेवलीस." एवढं बोलून ते सकाळपासून चौथ्यांदा लघवीला गेले.

कोर्टाच्या दारात आत्याने माझा हात धरला. "बाय, माजा घर ऱ्हाईल ना गो?" पुकारा झाला आणि मी आत जाऊन उभी राहिले. पाय थरथरत होते, पण टेबलाने झाकले होते. सर माझ्या शेजारी बसले, आणि टेबल किंचित हलू लागलं ते त्यांच्या पायांनी.

मी जे सांगितलं ते साधं होतं. दावा चालू असेपर्यंत घर उभं राहिलं तर समोरच्यांचं काही जात नाही. घर पडलं, आणि उद्या बाई खरी ठरली, तर कोर्ट तिला परत काय देणार? जज्जसाहेब लिहीत होते. समोरचे वकील कल्याणहून आले होते, नावाजलेले. ते उठले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या मॅडम भावनेच्या भरात आहेत. त्यांचाही इलाज नाही. सवलतीच्या मार्कांवर सनद मिळते, कायदा मिळत नाही."

शब्द न् शब्द तोच. एसटीतला. मी चिडले नाही. एक श्वास घेतला. जज्जसाहेबांकडे बघितलं आणि पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारून, खुर्ची मागे सरकवून, दोन्ही हात जोडून, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात सर मला म्हणाले, "माफ कर बाय."

कोणाला काही कळेना. जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेब, बोलले ते. माफी तुम्ही कशाची मागताय?"

सरांना आपण काय केलं ते आत्ता उमगलं. घामाने त्यांचा कोट पाठीला चिकटला. "चूक झाली साहेब. सवयीनं झाला. आमी तालीम करतो. हा वाक्य आला का माफी मागायची, असा ठरलेला हाय."

"या वाक्याची तालीम करता?"

"होय साहेब," सर म्हणाले. "येनार ते ठावं असतं ना."

मागच्या बाकावर कोणी तरी खोकत होतं, तेही थांबलं. कल्याणचे वकील आपल्या फाईलीत काही तरी शोधू लागले. जज्जसाहेबांनी त्यांना शब्द मागे घ्यायला सांगितले. त्यांनी ते घेतले, खाली बघूनच. मग साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुमचं वाक्य राहिलंय." मी ते पूर्ण केलं. दुपारी हुकूम झाला, दाव्याचा निकाल लागेपर्यंत घराला हात लावायचा नाही. आत्या पायरीवर बसून रडली आणि संध्याकाळी जेसीबी निघून गेला.

बार रूममध्ये मात्र सगळे सरांभोवती गोळा झाले. काय टायमिंग साहेब, एका माफीत स्टे आणलात! जो तो येऊन सरांचा हात हलवत होता. ज्यांच्याकडे माझ्यासाठी टेबलाला जागा नव्हती तेही त्यात होते. सर काही तरी सांगू बघत होते, माझ्याकडे बोट करत होते, पण हसण्यात कोणाला ऐकू येत नव्हतं. जिंकल्यावर खचलेले सर मी पुष्कळदा पाहिले होते. इतके खचलेले कधीच नाही.

परतीच्या गाडीत ते फायलींच्या नाड्या सोडून परत बांधत होते. किन्हवली गेल्यावर म्हणाले, "तू फार बेस बोललीस. कोर्ट तिला परत काय देनार, हे लाखातला होता. तेवढ्यावरच स्टे मिळाला असता. पन आता सगले माजाच नाव सांगतील." मी म्हटलं, सांगू देत, घर राहिलं ना. तर मान हलवत राहिले. "तुजा दिवस होता, बाय. मी मधी उठलो." आणि शहापूरच्या स्टँडवर उतरता उतरता त्यांनी सांगून टाकलं, की यापुढे मी बोलत असताना ते आत येणार नाहीत.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. विसरले नाहीत. बॅग माझ्या टेबलापर्यंत आणून ठेवायचे, पाण्याची बाटली ठेवायचे आणि बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे, पुढ्यात निवत चाललेला चहा घेऊन. मला त्यांचा राग येई. मी भांडलेसुद्धा. त्यांचं म्हणणं चूक होतं असंही म्हणवत नाही, कारण पुढच्या वर्षभरात लोक मला माझ्या नावाने ओळखायला लागले, माझ्याकडे येऊन तारखा विचारायला लागले. कोर्टाच्या त्या खोलीत एकटीने उभं राहायला मी शिकले. पण शेजारी टेबल हलवणारं कोणी असावं, असं मला फार वाटायचं, अजूनही वाटतं.

आता सरांचे गुडघे गेलेत. सापगावच्या घरी ओटीवर बसून ते पाऊस, पोरं, पेपर आणि ब्लडप्रेशर यांची काळजी करतात. आत्याचा दावा अजून चालू आहे, घर जागेवर आहे. कोर्ट सुटलं की मी मुरबाडच्या स्टँडवरून त्यांना फोन लावते. पहिल्याच रिंगला उचलतात. अर्ज मंजूर झाला की नामंजूर, दावा जिंकले की हरले, ते काही विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो, आणि तो विचारताना त्यांचा आवाज खाली जातो.

"आज कोन काय बोलला नाय ना गो?"

"नाय सर," मी सांगते. "कोन काय नाय बोलला."

तिकडून सुटकेचा श्वास ऐकू येतो. हल्ली बऱ्याचदा ते खरंही असतं.