तव्यावरचा तुकडा
लोण्यात लिंबू पिळलं की उठणाऱ्या वासानं माझी नजर अजून आधी दाराकडं जाते. सत्तरच्या दशकात आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आमचे हे इंजिनावर फायरमन, आणि त्यांचे ड्रायव्हर शिरूरकडच्या मोठ्या बागायतदार घरातले. आम्ही बौद्ध. माझ्या माहेरच्या गावात तशा मोठ्या घरातली माणसं आमच्या दारात आली, तरी "आत्ताच जेवलो" म्हणून परत जायची. एका संध्याकाळी हे मला न सांगता ड्रायव्हरसाहेबांना जेवायलाच घेऊन आले. मालगाडीवरची ड्यूटी तासाभरावर होती. रस्सा शिजेपर्यंत त्यांना उठायला निमित्त मिळेल, या धास्तीनं मी शेजारच्या गार्डाच्या बायकोनं शिकवलेलं केलं. कोंबडीचे तुकडे तव्यावर लोण्यात भाजले आणि वर लिंबू पिळलं. घाईत बियाही तव्यात पडल्या. साहेबांनी तुकड्याचा एक घास तोडला आणि ते चावायचे थांबले. हाडाजवळ मांस गुलाबी होतं. ह्यांनी मान खाली घातली. आता पाणी पिऊन जाणार, म्हणून मी दाराकडंच बघत राहिले. ते उठलेच, पण ताट घेऊन स्टोव्हपाशी आले. आपला उष्टा तुकडा त्यांनी स्वतःच्या हातानं आमच्या तव्यावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, जरा कच्चं हाय. शिजू द्या निवांत. आमच्याबिगर गाडी कुठं जातीय?" आजही त्या वासानं आधी भीतीच वाटते, आणि मग तव्यापाशी ताट धरून उभा राहिलेला तो माणूस दिसतो.