मधुभाऊंचं अर्थिंग

नागपूरला धंतोलीच्या दवाखान्यात मधुभाऊंना शेवटचं भेटायला गेले, तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून नर्सला दम देत होते. “हा वायरचा बोर्ड पलंगाखाली कोणं ठेवला? फरशी पुसाले बाई येते, तिचं ओलं फडकं याच्यावर पडलं तं?” नर्सनं हसत बोर्ड उचलून खुर्चीवर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ये शालू. मी बिमार-गिमार नाही, इन्स्पेक्शनले आलो आहो इथं.” दोन्ही हातांनी उशीवर ठेका धरून दाखवला, आणि डाव्या हाताचा जोर कमी पडतो म्हणून स्वतःवरच चिडले... त्यानंतर चारच दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. आता महिना होऊन गेला, पण त्यांची आठवण आली की रडू यायच्या आधी हसू येतं. त्याला माझा इलाज नाही.

मधुभाऊंचं लकडगंजात मोटार वायंडिंगचं दुकान होतं, आरामशिनींच्या ओळीत, त्यामुळे त्यांच्या केसांत कायम लाकडाचा भुसा असायचा. संध्याकाळी ते आमच्या ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवत आणि साउंड-लाइटची सगळी वीजही तेच सांभाळत. मी शाळेत मास्तरीण होते आणि त्याच ऑर्केस्ट्रात गात होते. ही साठच्या दशकाच्या शेवटाची, सत्तरच्या सुरुवातीची गोष्ट. माणूस नम्र अजिबात नव्हता. कार्यक्रम संपला की लोक माझ्याकडे यायच्या आधी हेच त्यांच्याकडे जात आणि विचारत, “बोंगो ऐकला काय?”

एकदा भंडाऱ्याकडच्या एका गावी आमचा कार्यक्रम होता. विजेची सोय तिथल्याच कुणी केली होती. मी अनवाणी उभी, पावसानं जमीन ओली, आणि माईकच्या दांड्याला हात लावला तशी मूठ सुटेना. आवाजही फुटेना. समोरच्या लोकांना वाटलं, बाई तान घेण्याआधी थांबली आहे. मधुभाऊंनी बोंगो फेकला आणि धावत जाऊन मेनचा खटका ओढला. मी वाचले, पण कोपरापर्यंत हात बधिर झाला होता. तेव्हा पुष्कळ गायक माईकला रुमाल गुंडाळून गात, ते उगाच नव्हे. मला तर रुमाल गुंडाळूनही जवळ जाववेना. आई म्हणाली, “आता गाणं घरात म्हणायचं. झालं तेवढं पुरे.” आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं... पण दोन दिवसच. तिसऱ्या दिवशी घरात गायला बसले, तर सूर लागण्याऐवजी हुंदकाच आला.

मग मधुभाऊ बायकोला, सिंधूवहिनींना, घेऊन घरी आले. हातात संत्रा बर्फीचा डबा. आईपुढे मांडी घालून बसले आणि म्हणाले, “काकू, चूक माह्यी होती. दुसऱ्याच्या लाइनवर मी डोळे मिटून भरवसा ठेवला. यापुढे लाइन माह्यी, अर्थिंग माह्यं. अन शालूच्या आधी माईक मी धरन.”

“आणि तुम्हाले काही झालं तं?” आईनं विचारलं.

ते काही बोलायच्या आत सिंधूवहिनी म्हणाल्या, “तं दुसरा बोंगोवाला पाहा लागन, काकू.”

आई हसली. तिनं परवानगी दिली, पण अट घातली की प्रत्येक कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत बसणार. तेव्हापासून आमचा कार्यक्रम अजब पद्धतीनं सुरू होई. दुसऱ्या ऑर्केस्ट्रात ‘हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणत. मधुभाऊ आधी टेस्टरनं सगळं तपासत, मग माईक मुठीत धरून गरजत, “काकू, मी जिंदा आहो!” आई पहिल्या रांगेतून हात वर करी, आणि मग मी स्टेजवर जाई. हळूहळू लोक या वाक्याचीच वाट पाहू लागले. टाळ्या पडत. त्यावर मधुभाऊ असे वाकून नमस्कार करत की जणू मैफलच संपली!

त्यांचे नियम ठरलेले होते. माईकची लाइन वेगळी, लाइटची वेगळी, दोघांचे फ्यूज वेगळे. पायवाटेवरून वायर न्यायची नाही, बांबूवरून उंच न्यायची. आणि सगळ्यात आधी अर्थिंग, म्हणजे जमिनीत खड्डा करून लोखंडी पाइप गाडायचा, भोवती कोळसा नि मीठ घालून भरपूर पाणी ओतायचं, आणि स्टेजवरचं प्रत्येक लोखंड जाड तारेनं त्या पाइपाला जोडायचं. मी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाले, “करंटाले घरी जायची वाट देऊन ठेवा लागते, शालू. नाही दिली तं तो तुह्या अंगातून वाट काढते.”

एका वर्षी एप्रिलमध्ये उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. मैदान माणसांनी फुललेलं, निळ्या पताका, नव्या साड्या. मधुभाऊंनी खड्डा केला, पाइप ठोकला आणि लाइन नि पाइप यांच्यामध्ये दोनशे वॅटचा बल्ब लावून पाहिला. अर्थिंग चांगलं असेल तर तो बल्ब लख्ख पेटतो. तो काजव्यासारखा लुकलुकला नि तसाच राहिला. उन्हानं जमीन खोलवर वाळलेली होती. मधुभाऊ म्हणाले, “शो सुरू होत नाही.”

मंडळाचे अध्यक्ष रामभाऊ कासावीस झाले. “काहून गा मधू? पब्लिक बसून राहिली ना बापा!”

“पाणी पाहिजे. लय पाणी.”

एप्रिलात त्या वस्तीत पाणी मागणं म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. एका बाईनं सरळच विचारलं, “आमचं प्यायचं पाणी गड्ड्यात टाकू काय?” तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. “धुण्याचं सांडपाणी चालते काय रे?”

“चालते काय, आजी, पळते!”

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. घराघरांतून धुण्याचं पाणी, भांड्यांचं पाणी, लेकरांच्या आंघोळीचं पाणी निघालं. इस्त्रीवाल्यानं कोळशाचं घमेलं दिलं. कुणी मीठ आणलं. मीही रेशमी साडीचा पदर खोचून बादल्यांच्या रांगेत उभी राहिले. एकेक बादली पडे आणि सगळे मान वळवून बल्बकडे पाहात. काजवा... मग पिवळा... मग आणखी थोडा... आणि एकदम लख्ख! अशी आरोळी उठली की तशी दाद माझ्या गाण्याला कधी मिळाली नाही. म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “हा बल्ब आमचा आहे.”

दुसरंच गाणं चाललं होतं. माझ्या बाजूला पत्र्याच्या डब्याचा मोठा फोकस होता. आतल्या उष्णतेनं त्याची वायर वितळून पत्र्याला चिकटली. फट् आवाज झाला आणि स्टेजवर अंधार. माझा हात त्या फोकसच्या दांड्यावरच होता... मला मुंगीसुद्धा चावली नाही. करंट आपल्या वाटेनं घरी गेला होता, आणि फ्यूज उडाला होता. अंधारातून मधुभाऊंचा आवाज आला, “शालू, गात राह्य! माईक चालू आहे!” मी गात राहिले. बोंगो थांबला होता, कारण बोंगोवाला फ्यूज बांधत होता, तर सगळ्या मैदानानं टाळ्यांनी ठेका धरला. उजेड आला तेव्हा पहिल्या रांगेत आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या गाण्याला तिनं उभं राहून दिलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

पुढे ऑर्केस्ट्रे कमी झाले, आम्ही म्हातारे झालो. आता स्टेज नाही आणि माईकही नाही. पण नागपूरचा उन्हाळा आहे आणि घरोघरी लोखंडी कूलर आहेत. मधुभाऊंनी आमच्या घराला शिस्त लावून दिली होती की कूलरमध्ये पाणी भरायच्या आधी प्लगची पिन काढायची, आणि नुसती काढायची नाही, खिडकीच्या गजाला टांगायची, सगळ्यांना दिसेल अशी.

परवा दुपारी मी आत पडले होते. बाहेर नात कूलर भरायला पाण्याचा पाइप ओढत होती. मी विचारलं, “पिन काढली काय वं?”

“काढली ना आजी. दिसत नाही काय तुले?”

मान वळवून पाहिलं. पिन गजाला लोंबत होती, वाऱ्यानं हलत होती. मग टाकीत पाणी पडायला लागलं, आणि त्या आवाजावर आमची नात मोकळ्या गळ्यानं गायला लागली.