मैत्रिणीचे अब्बा आणि न बोललेली लायब्ररी

उभ्या वऱ्हाडात सर्व्हरवर न रागावणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या मैत्रिणीचा बाप होता. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. अकोल्यात जठारपेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ दुकानात यायचे थांबले तेव्हा चाळिशी ओलांडलेले चाचा एका जाडजूड पुस्तकावरून संगणकाची सी भाषा शिकले. मला वाटतं, रेडिओ काय नि संगणक काय, त्यांना सारखंच वाटत असावं. कुठलंही यंत्र बिघडलं की ते आधी त्याच्याजवळ बसून राहायचे, आजाऱ्याजवळ बसावं तसे. पडद्यावर बिघाड सांगणारा संदेश उमटला की तो वहीत देवनागरीत उतरवून मोठ्यानं वाचायचे. आम्ही नेहमी शेवटची ओळ बघायचो, ते म्हणायचे, "बेटा, पह्यली ओळ वाच. बाकी सारं रडगाणं हाय." एकदा त्यांच्या घरच्यांनी त्यांना चिखलदऱ्याला नेलं. सगळे दरीपाशी फोटो काढत होते आणि हे कॉफीच्या टपरीवर पाठमोरे वहीत डोकं घालून बसलेले. एकदम उठून आनंदानं ओरडले, "अरे, लायब्ररी बत्तीस बिटची, सर्व्हर चौसष्टचा! कसं जमते?" (ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, प्रोग्रामला लागणारी एक फाइल; तिचं माप सर्व्हरच्या मापाशी जुळत नव्हतं.) टपरीवाल्यानं घाबरून त्यांचे पैसे परत केले.

पण त्यांचा खरा हट्ट दुसराच. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला त्यांची सक्त मनाई. "चालू करशील तं मुजरिम पळून जाईन," म्हणायचे.

त्या वर्षांत आमच्याकडे फवारणीचं औषध अंगात जाऊन शेतकरी दगावत होते; शेतीची बातमी वाचायचीसुद्धा भीती वाटायची. मी अमरावतीच्या एका लहानशा संस्थेत होते. आमचा सर्व्हर रोज सकाळी गावोगावच्या शेतकऱ्यांना फोन लावायचा आणि मराठीत सांगायचा: आज वारा आहे, फवारणी करू नका. आमचं ॲप जावा या दुसऱ्या भाषेत होतं, पण आवाज काढायचं काम चाचांनी आमच्यासाठी सीमध्ये लिहिलेली एक वेगळी फाइल करायची. तिला नेटिव्ह लायब्ररी म्हणतात. ॲपची नवी आवृत्ती चढवली की ही लायब्ररी रुसायची, "मला आधीच दुसऱ्यानं उघडलंय" असा संदेश द्यायची. मग आम्ही चाचांना न सांगता सर्व्हर बंद-चालू करायचो, की गाडी रुळावर.

एका सकाळी, फोन लागायच्या आधी, मी एका गावाच्या नावातली वेलांटी सुधारली, नवी आवृत्ती चढवली, ॲपचं पान नीट दिसलं म्हणून चहाला गेले. बंद-चालू करायचं राहिलं. त्या दिवशी एकाही शेतकऱ्याला फोन गेला नाही. दुपारी दर्यापूरकडच्या एका बाईचा फोन आला. "ताई, आज तुमचा फोन काहून नाही आला?" तिचा नवरा फवारायला गेला होता, वारा फिरला, औषध नाकातोंडात गेलं, आणि तो दवाखान्यात होता.

मी रडत चाचांना सगळं सांगितलं. बंद-चालू करण्याची चोरीसुद्धा. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आले ते स्वतःचं स्टूल आणि थर्मास घेऊन, आणि तीन दिवस त्या स्टुलावरून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला जवळ बोलावलं. "हे पाह्य. नवी आवृत्ती आली तरी जुनीचं एक काम मागं चालूच हाय. थे लायब्ररी सोडून नाई राह्यलं. अन् दोघींले एकाच टायमाले थे भेटत नाई." त्यांनी लायब्ररी ॲपच्या फोल्डरमधून काढून सर्व्हरच्या सामायिक जागेत ठेवली. आता ती एकदाच उघडायची. आवृत्त्या खुशाल येवोत-जावोत. मला वाटलं, संपलं. चाचा म्हणाले, "चाल, दवाखान्यात जाऊ."

तो माणूस खाटेवर उठून बसला होता, डोळे अजून लाल. चाचा त्याच्यासमोर हात जोडून म्हणाले, "भाऊ, चूक आमची होती. थे लायब्ररी मीच लिहिली." माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. मग मीच पुढं झाले आणि माझी चूक सांगितली. त्यानं उशी पाठीशी ओढली. मग म्हणाला, "वारा मले दिसत नव्हता काय? पण तुमची मशीन बोलली नाई, मंग म्या म्हटलं, चालते." बायकोनं आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

संस्था पुढे बंद झाली, सर्व्हरही गेला. मी आता दुसऱ्या गावी असते. परवा बऱ्याच दिवसांनी सकाळी चाचांना फोन लावला. त्यांना आता कमी दिसतं, ऐकूही बेताचंच येतं. मी कोण ते दोनदा सांगावं लागलं. ओळख पटल्यावर म्हणाले, "बेटा, पाच मिन्टानं कर. कपाशीचे दिवस हायत, आज वारा लय हाय. पयले दर्यापूरकडच्या त्या भावाले सांगून देतो."

मी फोन ठेवला. खिडकीबाहेर झाडं हलत होती. पाच मिनिटं मी त्या झाडांकडे बघत बसले.