पान तीनवरची मुलगी

मालतीबाईंना बसलेलं मी अकरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. जासईला कंटेनर यार्डाच्या रस्त्यावर त्यांची खानावळ. ड्रायव्हर लोक बाकड्यांवर जेवत असतात आणि ही बाई चुलीपासून दारापर्यंत नुसती येरझाऱ्या घालत असते. हातात भाकरी, तोंडात बडबड. मी खुर्ची पुढे केली की त्या ती बाजूला सारायच्या. "तू बस, बाय. मना नको सांगू."

दुसरं म्हणजे, खोटं बोलणं त्यांना जमतच नाही. कुणी विचारलं, मावशी, मच्छी ताजी हाय ना, तर उत्तर ठरलेलं: "कालची हाय. ताजी पायजेल त उद्या ये." असा धंदा करतात का? पण गिऱ्हाईक तुटत नाही, उलट बाकडी अपुरी पडतात.

मी अरुणा. माहेर साताऱ्याकडचं, घर नेरूळला, काम विमा एजंटचं. तोंडानं फटकळ आहे, असं माझा नवराच चारचौघांत सांगतो. मालतीबाई, त्यांचे यजमान नामदेव आणि मुलगी मनस्वी, तिघांची आरोग्य पॉलिसी मीच काढली. फॉर्मही त्यांच्याच खानावळीत बसून भरला होता. मनस्वीचं नातं काय, म्हणून विचारलं. "पोरगी," त्या म्हणाल्या. मी 'मुलगी' लिहिलं आणि सही घेतली.

पॉलिसीच्या पान तीनवर व्याख्या असतात. हॉस्पिटल म्हणजे काय, अपघात म्हणजे काय, कुटुंब म्हणजे काय. ते पान कुणी वाचत नाही. मी तर एजंट, मीही वाचत नव्हते. मूल कशाला म्हणतात हे काय आता कंपनीकडून शिकायचं? हा माझा गाढवपणा.

मनस्वी आता एकोणीस वर्षांची, नेरूळच्या कॉलेजात आहे. या वर्षी तिच्या गळ्यात गाठ आली. थायरॉईडचा अर्धा भाग काढला, बिल पॉलिसीतून सुटलं, सगळं सुरळीत. मग रिपोर्ट आला. उरलेला भागही काढावा लागणार होता. ती रक्त द्यायला आत गेली असताना डॉक्टरांनी मालतीबाईंना सहज विचारलं, तुम्हाला कधी गळ्याचा त्रास होता का? दुसरी कुणी बाई "नाही" म्हणून मोकळी झाली असती. मालतीबाई म्हणाल्या, "मना नाय. हिला जलम दिलेल्या आयेला व्हता. माझे जावेला."

डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं. त्यांचं कामच ते. केसपेपर मंजुरीसाठी कंपनीकडे गेला आणि मला मेल आला. पान तीननुसार 'अपत्य' म्हणजे विमेदाराच्या पोटचं किंवा कायद्यानं दत्तक घेतलेलं मूल. या मुलीच्या दत्तकाचा पुरावा नाही. तेव्हा दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च नामंजूर, आणि तिचं नाव पॉलिसीतून कमी. ऑपरेशन तीन आठवड्यांवर होतं!

रिक्षा पकडून तशीच जासईला गेले.

"मालतीबाई, मनस्वी तुमच्या पोटची नाही?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मनस्वी कॉलेजात होती. "नाय. माझे जावेची, सुंदराची हाय. पाचवीचे दिवशी सुंदरानी माझे ओटीत घातली. नारळ, तांदूल, सगला झाला. सगला गाव जेवला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारला नाय."

खरंच होतं. मी नातं विचारलं होतं, आणि नातं त्यांनी खरंच सांगितलं होतं.

"आणि मनस्वीला?"

त्या पुन्हा चालायला लागल्या. चूल, दार, चूल. "तिनापन कई इचारला नाय," त्या म्हणाल्या, पण आवाज बारीक झाला होता. आयुष्यात ही एकच गोष्ट त्यांनी गिळून ठेवली होती, आणि सुंदराबाई पलीकडच्याच घरात राहत होती. मनस्वी तिला काकी म्हणते.

आमच्या सोसायटीत वैदेही म्हणून वकील मुलगी आहे. तिच्यापुढे कागद टाकले आणि तावातावानं कंपनीला शिव्या घालायला लागले. तिनं मला थांबवलं. "काकू, पान नीट वाचा. 'कायद्यानं दत्तक' म्हटलंय. नोंदणी केलेला कागदच हवा, असं कुठे म्हटलंय?" मी वाचलं. नव्हतं. "मग कायदा काय म्हणतो ते बघायचं. जन्म देणाऱ्यांनी आपल्या हातानं मूल दिलं, घेणाऱ्यांनी घेतलं, हे त्यात महत्त्वाचं. कागद असता तर सोपं गेलं असतं. नाहीये, तर दोन्हीकडच्यांनी शपथेवर सांगायचं. पाचवीचा फोटो आहे?"

फोटो होता. मालतीबाईंच्या ओटीत टोपडं घातलेलं बाळ, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली सुंदराबाई आणि तिचा नवरा सिताराम. तो दोन वर्षांपूर्वी वारला.

"पण मनस्वी सज्ञान आहे," वैदेही म्हणाली. "तिची सही लागेल. तिला सांगावं लागेल."

पुढचे चार दिवस मालतीबाईंचे मला दिवसाला पाच-पाच फोन. "आज सांगते." "आज नाय जमला." "उद्या नक्की." एकदा तर म्हणाल्या, "कंपनीला सांग, मीच खोटी. पोरीला कायपन नको कलाया." मी ओरडले, "अहो, मग ऑपरेशनचं काय?" पलीकडून नुसता भांड्यांचा आवाज. मलाही घरात चैन पडेना. गॅसवर दूध ठेवायचं, विसरायचं, मेल उघडायचा, बंद करायचा. नवरा म्हणाला, तू तरी बस जरा. त्याच्यावरही खेकसले.

पाचव्या दिवशी फोन आला. "सांगला."

"मग? काय म्हणाली?"

"काय नाय. ताट सारला नि उठली. रडली अस्ती, भांडली अस्ती त बरा व्हता गो."

शनिवारी वैदेहीच्या ऑफिसात सगळे जमले. नामदेव दाराशी टोपी हातात घेऊन. सुंदराबाई खुर्चीच्या अगदी कडेला. मनस्वी खिडकीजवळ, गळ्याला ओढणी गुंडाळलेली, कुणाकडे बघत नव्हती. मालतीबाई अर्थातच उभ्या. वैदेहीनं मसुदा वाचून दाखवला: "मी, सुंदरा सिताराम, माझी मुलगी राजीखुशीनं दिली..."

"का दिली?" मनस्वी म्हणाली. ऑपरेशननंतर तिचा आवाज घोगराच राहिला होता. "काकी, मी तुला जड झाले होते?"

सुंदराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तिला नको इचारू," मालतीबाई म्हणाल्या. "तिना दिली नस्ती. मी मागली. माझे घरान पोर नव्हता. मी हिचे उंबऱ्यावर जाऊन बसली. दोन दिस, दोन राती. जेवली नाय, उठली नाय. पोर दे, तवाच उठन. बालंतीन बाई ती, काय करनार?" त्यांचा श्वास चढला होता. "ते पाचवीपासून मी कोनाचे दारान बसली नाय, माझे घरान पन नाय. बसला का मना सुंदराचा तोंड दिसते."

अकरा वर्षं मी त्या बाईपुढे खुर्ची सरकवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वैदेहीनं पेन खाली ठेवलं. "मावशी, हे नको सांगू या. 'राजीखुशीनं' पुरेसं आहे."

"खोटा नाय लिवायचा. मी मागली, असाच लिव."

"मागली, पन दिली मीच." सुंदराबाई पहिल्यांदा बोलली. "माझेच हातानी. दुसरे कोनाला नस्ती दिली. ह्यो पन लिव."

वैदेहीनं दोन्ही लिहिलं. सुंदराबाईनं सही केली, नामदेवांनी केली, मालतीबाईंनी उभ्यानंच वाकून केली. मग कागद मनस्वीपुढे गेला. तिनं तो पहिल्या ओळीपासून वाचला. आमच्यापैकी पूर्ण वाचणारी तीच पहिली. सही करून ती उठली, स्वतःची खुर्ची ओढून सुंदराबाईच्या शेजारी ठेवली आणि मालतीबाईंचा दंड धरला.

"आये, बस."

"नाय, मी..."

"बस ना गो. काकी काय बोलत नाय."

कंपनीचं उत्तर यायला बारा दिवस लागले. मनस्वीचं नाव पॉलिसीत पुन्हा घातलं, ऑपरेशन मंजूर. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा मनस्वीला आत नेलं होतं. नामदेव बाहेर फेऱ्या मारत होते. थिएटरसमोरच्या बाकावर दोघी जावा खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या.